शेतातील सूर

अमेरिकेच्या दक्षिण भागात मिसिसिपी नावाचे राज्य आहे. तेथील सुपीक जमिनीत कापसाचे अफाट मळे पसरलेले होते. त्यांत राबणारे बहुतेक मजूर कृष्णवर्णीय होते. गुलामगिरी १८६५ साली कायद्याने नष्ट झाली; परंतु त्यांचे दारिद्र्य आणि अपमान संपले नव्हते. मनातील दुःख ते गाण्यात ओतीत. या गाण्यास ‘ब्लूज’ म्हणतात. ते जगाच्या कानी घालणाऱ्या वादकांत मडी वॉटर्सचे स्थान फार वरचे आहे.

त्याचे खरे नाव मॅकिन्ली मॉर्गनफील्ड. त्याचा जन्म १९१३ च्या सुमारास झाला. आई लहानपणीच वारली, तेव्हा आजीने त्याला स्टोव्हॉल येथील मळ्यावर वाढविले. पोर सदा चिखलात खेळे, म्हणून त्याला ‘मडी’, म्हणजे चिखलाने माखलेला, हे नाव पडले. शेतात राबता राबता तो गिटार वाजवू लागला. बाटलीचा गळा बोटात घालून तो तारांवरून सरकवी. मग त्या तारा माणसासारख्या विव्हळत. सन हाउस या वादकाचे वादन ऐकून त्याने ही रीत आत्मसात केली.

१९४१ साली ॲलन लोमॅक्स हा संशोधक लोकगीतांचे ध्वनिमुद्रण करीत त्या मळ्यावर आला. त्याने मडीचे गाणे तबकडीवर उतरविले आणि त्याला ऐकविले. स्वतःचा आवाज प्रथमच ऐकताना आपणही गवई होऊ शकतो, असा विश्वास त्या मजुराच्या मनात जागा झाला. १९४३ साली मळा सोडून तो आगगाडीने शिकागोस गेला.

दिवसा कागदाच्या कारखान्यात काम करावे आणि रात्री गुत्त्यांमध्ये वाजवावे, असा त्याचा क्रम सुरू झाला. पण तेथील गलबल्यात साध्या गिटारीचा नाद बुडून जाई. तेव्हा त्याने विजेची गिटार हाती घेतली. या गिटारीत पोलादी तारांखाली लोहचुंबक व तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. तारेच्या कंपनामुळे वेटोळ्यात क्षीण विद्युत्प्रवाह निर्माण होतो. तो यंत्राने वाढवून ध्वनिक्षेपकातून मोठा नाद काढतात.

आवाज वाढला, पण मडीने गाण्याचा जीव हरवू दिला नाही. तीच संथ चाल, तेच विव्हळणे आणि दोन सुरांमधील तीच शांतता त्याने जपली. १९४८ साली त्याची तबकडी निघाली, तेव्हा तिच्या प्रती पाहता पाहता संपल्या. दक्षिणेतून पोटासाठी आलेल्या कामकऱ्यांना तीत आपले गाव भेटले. पुढे लिटल वॉल्टर, जिमी रॉजर्स, ओटिस स्पॅन यांसारखे गुणी वादक त्याच्या ताफ्यात आले.

१९५८ साली तो इंग्लंडला गेला. त्याच्या गिटारीचा प्रचंड नाद काही श्रोत्यांना रुचला नाही. तरुण मात्र भारावून गेले. त्याच्या १९५० सालच्या एका गीतावरून तेथील काही तरुणांनी १९६२ मध्ये आपल्या वाद्यवृंदाचे नाव ‘रोलिंग स्टोन्स’ ठेवले. तो वृंद पुढे जगप्रसिद्ध झाला.

३० एप्रिल १९८३ रोजी मडी वॉटर्सचे निधन झाले. त्याने यंत्र नवे घेतले, शहर नवे पाहिले. परंतु मळ्यावरील माणसांचे सुखदुःख आपल्या तारांवरून कधी उतरू दिले नाही.