धर्मानंद कोसंबी : कष्टांतून घडलेला पंडित

मनुष्याला स्थैर्य प्रिय असते. हाती आलेली सोय सोडून अनोळखी वाटेला लागणे सहसा कोणाला रुचत नाही. धर्मानंद कोसंबी यांनी मात्र असे स्थैर्य एकदा नव्हे, अनेकदा सोडले आणि प्रत्येक वेळी अधिक विशाल दृष्टी घेऊन ते पुढे गेले. पाली भाषा आणि बौद्ध धर्म यांच्या आधुनिक अभ्यासाचा भारतात पाया घालणाऱ्या विद्वानांत त्यांची गणना होते.

गोव्यातील सांखवाळ येथे ९ ऑक्टोबर १८७६ रोजी त्यांचा जन्म झाला. शालेय शिक्षण बेताचेच. लहान वयातच बाळाबाईंशी विवाह झाला आणि नारळाच्या बागायतीची देखभाल त्यांच्याकडे आली. मन मात्र तेथे रमेना. अशातच एका मराठी मासिकात त्यांनी बुद्धाचे छोटेसे चरित्र वाचले. या महापुरुषाची शिकवण मुळातून जाणून घ्यायची, या ध्यासाने त्यांना झपाटले.

त्यासाठी संस्कृत हवे होते. १८९९च्या अखेरीस त्यांनी घर सोडले आणि पुणे गाठले. तेथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले. पुढे काशीत अन्नछत्रातील जेवणावर गुजराण करीत त्यांनी अध्ययन चालू ठेवले. ऐन पंचविशीच्या उंबरठ्यावर विद्यार्थिदशेतील दारिद्र्य पत्करणे सोपे नव्हते. १९०२ साली बौद्ध धर्माच्या शोधात ते नेपाळला गेले. तेथे निराशा पदरी आली, तरी त्यांनी पाऊल मागे घेतले नाही. बोधगया आणि कोलकात्यामार्गे ते त्याच वर्षी श्रीलंकेत पोहोचले. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांच्या आश्रयाने त्यांनी पालीचे अध्ययन केले. त्यानंतर ब्रह्मदेशातही ते भिक्षू म्हणून राहिले. परकी भाषा, न मानवणारे अन्न, रिकामा खिसा हे सारे त्यांनी विद्येचे मोल म्हणून चुकते केले.

या प्रवासाचे आणखी एक मोल होते आणि ते दुसऱ्याच व्यक्तीने चुकवले. घर सोडताना त्यांची कन्या तान्ही होती. धर्मानंदांचे कष्ट स्वतः निवडलेले होते, बाळाबाईंचे नव्हते. सुमारे सात वर्षांनी, १९०६च्या सुमारास, चीवर उतरवून त्यांनी संसाराचा तुटलेला धागा पुन्हा जोडला. त्यांचे पुत्र दामोदर पुढे गणितज्ञ आणि इतिहासकार म्हणून कीर्तिमान झाले. धर्मानंदांचा गौरव करताना या माउलीच्या वाट्याला आलेला एकाकीपणा विसरता येत नाही.

कोलकात्यात पालीचे अध्यापन करताना त्यांना चांगली प्राप्ती आणि प्रतिष्ठा मिळू लागली होती. तरीही आपली विद्या मराठी माणसांपर्यंत पोहोचावी म्हणून त्यांनी ती नोकरी सोडली आणि बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी देऊ केलेले दरमहा ५० रुपयांचे मानधन स्वीकारले. १९१० मध्ये ‘विशुद्धिमार्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनासाठी ते अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात गेले. या कामाने त्यांची दीर्घकाळ कसोटी पाहिली आणि ग्रंथ प्रसिद्ध झाला तो त्यांच्या मृत्यूनंतर, १९५० साली. दरम्यान १९१२ ते १९१८ या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पालीचे विद्यार्थी घडवले.

ख्यातनाम पंडित म्हणून ग्रंथालयात स्वस्थ बसणे आता शक्य होते. परंतु १९३० साली पन्नाशी ओलांडलेले धर्मानंद मिठाच्या सत्याग्रहात उतरले आणि त्यांनी तुरुंगवास पत्करला. पुढे मुंबईत परळच्या कामगार वस्तीत त्यांनी ‘बहुजन विहार’ उभारला. १९४० साली प्रकाशित झालेला ‘भगवान बुद्ध’ हा त्यांचा ग्रंथ मराठीत मान्यता पावला. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे त्यांचे देहावसान झाले.

ज्या बुद्धाचा शोध त्यांनी आयुष्यभर घेतला, त्याने देहदंड व्यर्थ ठरवून मध्यम मार्ग सांगितला होता. त्यामुळे हालअपेष्टांना स्वतःचे असे मूल्य नसते, हे धर्मानंद पुरते जाणून होते. त्या सोसण्याजोग्या ठरतात त्या ध्येयामुळे. आपण कोणत्या ध्येयासाठी सोय सोडत आहोत आणि त्याची झळ आणखी कोणाला बसते आहे, हे दोन प्रश्न त्यांचे चरित्र आजही आपल्यापुढे ठेवते.