२७ व्या वर्षी मताचा हक्क मागणारा तरुण

रत्नागिरी जिल्ह्यातलं आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव. १९१९ मध्ये, वयाच्या २७ व्या वर्षी, त्यांनी साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांसाठी मताधिकार मागितला. तेव्हा मत फक्त मोजक्या मालमत्ताधारकांना होतं. १९२८ मध्ये सायमन कमिशनकडे त्यांनी प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषासाठी हा हक्क मागितला. पुढे राज्यघटनेच्या कलम ३२६ ने तो सर्वांना मिळाला.

१९५२ च्या पहिल्याच लोकसभा निवडणुकीत बाबासाहेब स्वतः उत्तर मुंबईतून हरले. तरी १९५४ मध्ये ते भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पुन्हा मतदारांसमोर गेले. तिथेही पराभवच झाला.

१९८९ पासून मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं. आज हातखंब्यातली १८ वर्षांची मुलगीही नमुना ६ भरून मतदार होते. यादीत नाव नसेल, तर मात्र हा हक्क कागदावरच राहतो.