वल्लभभाई आणि बारडोलीचा सारा

वल्लभभाई पटेल हे नाव निघाले की संस्थानांचे विलीनीकरण आठवते. आपणा बडोदेकरांना तर ते विशेषच आठवते. परंतु ज्या ‘सरदार’ या पदवीने ते ओळखले जातात, ती त्यांना दिल्लीच्या दरबारी मिळालेली नाही. शेतसाऱ्याच्या लढ्याने दिली. आणि तो लढा १९२८ च्या विजयाने संपला, असे जे सामान्यतः समजले जाते, ते काही खरे नव्हे.

शाळेच्या दाखल्याप्रमाणे त्यांचा जन्म ३१ ऑक्टोबर १८७५ चा, आजोळी नडियाद येथे. मूळ गाव करमसद. ते इंग्रजी खेडा जिल्ह्यातले, पण शेजारचा पेटलाद तालुका गायकवाडांचा. एकाच मातीत दोन राज्ये, हे त्या मुलुखातील शेतकऱ्याला जन्मापासून ठाऊक असे. वल्लभभाईंचे काही शिक्षण पेटलादला झाले, आणि अल्पकाळ ते बडोद्याच्या हायस्कुलातही होते. तेथे त्यांनी संस्कृत सोडून गुजराती घेतले. त्यावरून शिक्षकांशी बिनसले आणि स्वारी नडियादला परतली. १८९७ साली ते मॅट्रिक झाले. पुढे गोध्रा व बोरसद येथे वकिली, मग लंडनला जाऊन बॅरिस्टरी, १९१३ पासून अहमदाबादेत उत्तम चाललेला व्यवसाय, हा भाग सर्वश्रुत आहे.

शेतकऱ्याच्या कामात ते पडले १९१८ साली, खेडा जिल्ह्यात. पीक चार आण्यांहून कमी उतरले तर त्या वर्षीचा सारा तहकूब करावा, असा सरकारचाच नियम होता. वाद होता तो आणेवारीचा. अंमलदारांच्या अंदाजात पीक नेहमीच शेतापेक्षा कागदावर अधिक येई. वल्लभभाई गावोगाव फिरून आकडे गोळा करू लागले, आणि कोर्टातील उलटतपासणीची सवय त्यांना येथे उपयोगी पडली. त्यांचा खरा पिंड या कामात दिसतो. ते भावनेने बोलत, पण हिशेब करून.

बारडोलीत हा हिशेबीपणा कसाला लागला. सुरत जिल्ह्यातील या तालुक्यात १३७ गावे. फेरआकारणीत सारा सुमारे २२ टक्क्यांनी वाढविण्यात आला. १२ फेब्रुवारी १९२८ रोजी लढा सुरू झाला. तालुक्यात छावण्या पडल्या, रोज पत्रिका निघू लागली. जप्तीसाठी पठाण आणले गेले, तेव्हा लोकांनी घरांना कुलपे लावून माणसे व जनावरे आत कोंडून घेतली. आठवडेच्या आठवडे ऊन न मिळाल्याने म्हशींचा रंग पालटला आणि त्यावर थट्टाही झाली. थट्टा करण्याइतके लोक ताजे होते, हे महत्त्वाचे. ऑगस्टमध्ये तडजोड झाली. चौकशीस ब्रूमफील्ड व मॅक्सवेल हे दोन अधिकारी नेमले गेले. यांतील ब्रूमफील्ड म्हणजे १९२२ साली गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सांगणारे न्यायाधीश! त्यांच्या चौकशीत वाढ ६.०३ टक्के ठरली. जप्त जमिनी परत मिळाल्या, राजीनामे दिलेले तलाठी पुन्हा कामावर आले. यशाची कथा येथवरच सांगितली जाते.

दोन वर्षांनी, ७ मार्च १९३० रोजी, दांडीयात्रा निघण्यापूर्वीच वल्लभभाईंना बोरसद तालुक्यातील रास गावी पकडले. रासने सारा न देण्याचे ठरविले, बारडोलीनेही. या वेळी सरकार मऊ पडले नाही. तेव्हा शेकडो कुटुंबे गाडीत भांडीकुंडी भरून, गुरे हाकीत, गायकवाडी हद्दीत आली. चटया व झावळ्यांच्या खोपटांत त्यांनी दिवस काढले, आणि हाकेच्या अंतरावर आपलेच उभे पीक जप्त होताना पाहिले. मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन करारात न विकलेल्या जमिनी परत देण्याचे ठरले. तिऱ्हाइताला विकलेल्या मात्र गेल्या त्या गेल्याच. हे कलम वल्लभभाईंना फार बोचले. लोकांना जमीन पणाला लावण्यास सांगणारे ते स्वतः होते.

१९३२ साली ते गांधीजींसमवेत येरवड्याच्या तुरुंगात होते. तेथे त्यांनी, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, पं. सातवळेकरांच्या पाठांवरून संस्कृताचा अभ्यास आरंभला. बडोद्यात सोडलेले संस्कृत येरवड्यात हाती धरले, आणि तेही एका मराठी पंडिताच्या पुस्तकांवरून, याची आपल्या वाचनालयाच्या सभासदांना गंमत वाटावी.

जमिनींचा प्रश्न त्यांनी विसरू दिला नाही. १९३७ साली मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले. मोरारजी देसाई महसूलमंत्री होते. खरेदीदारांकडून जमिनी घेऊन त्या मूळ खातेदारांना परत देण्याची तजवीज झाली. परंतु मधल्या वर्षांत कुटुंबे विस्कटली होती, कर्जे झाली होती, आणि लिलावात जमीन घेणारा कित्येकदा शेजारच्याच गावचा असल्याने बोलणे तुटले होते. सातबारावर नाव पुन्हा चढले तरी हे सांधणे सरकारच्या हाती नव्हते.

आणखी एक व्रण होता, त्याची चर्चा कमी होते. बारडोलीच्या शेतांत राबणारे दुबळा जमातीचे हाळी पिढीजात कर्जापोटी मालकाशी बांधलेले होते. सारा वाढो की कमी होवो, त्यांच्या नावे जमीनच नव्हती. तालुक्यातील हरिपुऱ्याला १९३८ साली काँग्रेसचे अधिवेशन भरले. पुढच्या वर्षी त्यांच्या मुक्ततेचा करारही झाला. तो टिकला नाही. एवढ्या काटेकोर हिशेबी माणसाच्या वहीत हे खाते अपुरेच राहिले, असे म्हणणे भाग आहे.

१ मे १९४९ रोजी बडोदे राज्य मुंबई प्रांतात विलीन झाले. रास आणि पेटलादमधली, बारडोली आणि नवसारीमधली ती राज्याची हद्द त्या दिवशी संपली. वल्लभभाई तेव्हा चौऱ्याहत्तराव्या वर्षात होते. १५ डिसेंबर १९५० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.