सात वर्षांची वाट



आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहावे असे ठरले, तेव्हा मी विल्यम केरी यांचे नाव सांगितले. मी सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी. पण इंग्लंडातल्या एका चांभारकाम करणाऱ्या माणसाने १८०५ साली आपल्या मराठीचे व्याकरण छापले, हे वाचल्यापासून हे गृहस्थ मला परके वाटेनासे झाले. मात्र आज मी व्याकरणाविषयी लिहिणार नाही. बंगालमध्ये त्यांनी ख्रिस्ती मंडळी, म्हणजे तेथील लोकांची उपासना करणारी सभा, उभी केली. तिच्यात पहिला बंगाली मनुष्य येईपर्यंत सात वर्षे गेली. त्या सात वर्षांविषयी लिहिते.

केरी यांचा जन्म १७६१ साली एका विणकराच्या घरी झाला. लहानपणी ते जोडे शिवायला शिकले. काम करता करता पुस्तके वाचून अनेक भाषा शिकले आणि पुढे धर्मोपदेशक झाले. १७८१ मध्ये डोरोथीशी त्यांचे लग्न झाले. तिला सहीसुद्धा करता येत नव्हती. लग्नाच्या नोंदीत तिने फुली काढली. त्यांच्या दोन मुली बालपणीच वारल्या.

परदेशी जाऊन धर्मप्रसार करावा, हे केरींच्या मनाने घेतले होते. वडीलधाऱ्यांना ते पटेना. शेवटी ऑक्टोबर १७९२ मध्ये केटरिंग गावी वॉलिस नावाच्या विधवा बाईंच्या घरी दहाबारा माणसे जमली व संस्था निघाली. वर्गणी जमली ती फक्त १३ पौंड, २ शिलिंग, ६ पेन्स! आपल्या मंडळाची पहिली वर्गणी आठवून मला गंमत वाटली.

डोरोथी हिंदुस्थानात यायला तयार नव्हती. तिचे दिवस भरत आले होते, पदरी लहान मुले होती. केरी थोरल्या मुलाला घेऊन निघाले, पण परवान्याच्या अडचणीमुळे त्यांना जहाजावरून उतरावे लागले. तोवर डोरोथी बाळंत झाली होती. बहीण सोबत येत असेल तर येते, असे तिने कबूल केले, आणि महिन्याभराचे मूल घेऊन ती जहाजावर चढली. जून १७९३ मध्ये निघालेली ही माणसे नोव्हेंबरात कलकत्त्यास पोचली.

जवळचे पैसे लवकरच संपले. कंपनी सरकारला धर्मप्रचारक नको होते. काही दिवस सुंदरबनाच्या जंगलाकडे काढले, मग १७९४ मध्ये माल्ड्याकडे मदनाबाटी येथे निळीच्या कारखान्यावर नोकरी मिळाली. त्याच वर्षी पाच वर्षांचा पीटर हगवणीने गेला. जातीच्या बंधनामुळे त्याला पुरायलासुद्धा माणसे मिळणे कठीण झाले. डोरोथी स्वतः आजारी होतीच. पुढल्या वर्षापासून तिचे मन बिघडले, ते पुन्हा सुधारले नाही. ती नवऱ्यावर भलते संशय घेई, आरडाओरडा करी. तिला कोंडून ठेवण्याच्या दवाखान्यात पाठवा, असे लोक सांगत. केरींनी ते ऐकले नाही. तिच्या शेजारच्या खोलीत बसून ते बायबलचे बंगाली भाषांतर करीत.

जुन्या चरित्रांतून डोरोथीला नवऱ्याच्या कामातला अडथळा म्हणून दाखवले आहे. मला ते मुळीच पटत नाही. केरींनी वाट पाहिली ती स्वतः निवडलेल्या कामाची. तिने जे सोसले ते तिने निवडलेले नव्हते.

कारखाना सांभाळून केरी आसपासच्या गावांत फिरून उपदेश करीत. लोक ऐकून घेत, वाद घालीत आणि घरी जात. चार युरोपियन माणसे प्रार्थनेला जमत, पण बंगाली मनुष्य एकही नाही. त्यांचे मुन्शी रामराम बसु फार हुशार. ते येतील अशी आशा होती, पण त्यांनी बाप्तिस्मा घेतला नाहीच, आणि वर्तनावरून १७९६ मध्ये त्यांना कामावरून दूर करावे लागले. विलायतेतून पैसे पाठवणाऱ्यांना काय कळवावे, हा दर वेळी प्रश्न! दही लागले का म्हणून घटकेघटकेला भांडे उघडणाऱ्या बायका आपण पाहतो. केरी त्यातले नव्हते. देवाचे काम देव त्याच्या वेळेला करील, असे धरून त्यांनी आपले भाषांतर चालू ठेवले.

जानेवारी १८०० मध्ये ते श्रीरामपूरला आले. तेथे डेन्मार्कचे राज्य असल्याने कंपनीची आडकाठी नव्हती. मार्शमन व वॉर्ड हे सोबती मिळाले, छापखाना निघाला. मार्शमन यांच्या पत्नी हॅना यांनी शाळा काढली आणि केरींच्या आईवाचून मोकाट झालेल्या मुलांना वळण लावले. ही बाई नसती तर पुढचे काम झाले असते की नाही, मला शंका आहे.

त्या वर्षाच्या अखेरीस कृष्ण पाल नावाच्या सुताराचा खांदा निखळला. मिशनच्या डॉक्टर टॉमस यांनी तो बसवला. तेथून कृष्णाचे येणेजाणे सुरू झाले. २२ डिसेंबरला तो उघडपणे मिशनऱ्यांच्या पंगतीला जेवला. जात मोडली म्हणून मोठा जमाव चालून आला, पण डॅनिश अधिकाऱ्यांनी त्याला संरक्षण दिले. २८ डिसेंबर १८०० रोजी हुगळी नदीत केरींनी आपला मुलगा फेलिक्स व कृष्ण पाल यांना बाप्तिस्मा दिला. आनंदाच्या भरात डॉक्टर टॉमस यांना वेड लागले होते, त्यांना कोंडून ठेवले होते. डोरोथीही तशीच एका खोलीत होती. सात वर्षांनी आलेला दिवस हा असा आला.

कृष्णाची मेहुणी जयमणी १८०१ मध्ये मंडळीत आली. बंगाली स्त्रियांत ती पहिली. त्याच साली बंगाली नवा करार छापून झाला. १८०३ मध्ये कृष्णाच्या मुलीचे लग्न ब्राह्मण कुळातून आलेल्या तरुणाशी लागले. त्या काळी हे केवढे धाडस, ते सांगायला नको.

डोरोथी डिसेंबर १८०७ मध्ये सुटली. केरी पुढे फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली, संस्कृत, मराठी शिकवीत व मिळकत मिशनला देत. तेथील पंडित वैजनाथशास्त्री यांचे त्यांना मराठीत साहाय्य झाले. १८११ मध्ये मराठी नवा करार निघाला. मार्च १८१२ मध्ये छापखान्याला आग लागली व वर्षांचे लिखाण जळाले. पन्नाशीचे केरी पुन्हा लिहायला बसले.

आणखी एक गोष्ट आपल्या बायकांची. डिसेंबर १८२९ मध्ये सतीबंदीचा हुकूम बंगालीत उतरवण्यासाठी त्यांच्याकडे आला. तो दिवस रविवार होता. एक सती त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. त्यांनी त्या दिवशीचा उपदेश दुसऱ्यावर सोपवला, पंडिताला घेऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत भाषांतर पुरे केले. सात वर्षे धीर धरणाऱ्या माणसाने या कामाला एक दिवसही उशीर होऊ दिला नाही.

९ जून १८३४ रोजी ते श्रीरामपूरला वारले. इंग्लंडला ते पुन्हा कधी गेलेच नाहीत.