छोटा एन्रिके आणि त्याचा डोंगर



बटाटेवडा आपण सगळेच आवडीने खातो. पण ‘बटाटा’ हा शब्द आला कुठून? कॅरिबियन समुद्रातल्या बेटांवर ताईनो नावाचे लोक राहत. ते रताळ्याला ‘बताता’ म्हणत. स्पॅनिश लोकांनी तो शब्द उचलला, पोर्तुगीजांबरोबर तो आपल्या किनाऱ्याला लागला आणि मराठीत त्याचा ‘बटाटा’ झाला. ज्यांनी आपल्याला हा शब्द दिला, त्या ताईनोंच्या एका नायकाची ही गोष्ट.

१४९२ साली कोलंबस ताईनोंच्या एका मोठ्या बेटावर उतरला. स्पॅनिशांनी त्याचे नाव हिस्पानिओला ठेवले. आज तेथे हैती आणि डॉमिनिकन रिपब्लिक हे देश आहेत. सोन्याच्या लोभाने आलेल्या स्पॅनिशांनी ताईनोंना आपसांत वाटून घेतले आणि खाणींत व शेतांत वेठीला धरले. अतिश्रम, उपासमार आणि युरोपातून आलेले रोग ह्यांमुळे गावेच्या गावे ओस पडली.

एन्रिकियो ह्याच काळात जन्मला. तो कासिक, म्हणजे ताईनो सरदाराच्या घराण्यातला. १५०३ साली गव्हर्नर ओव्हांदो हाराग्वा प्रांतात पाहुणा म्हणून आला. राणी आनाकाओनाने त्याचे स्वागत केले. त्याने मात्र कासिकांना घरात कोंडून ते घर पेटवून दिले आणि पुढे राणीलाही फाशी दिले. लहानग्या एन्रिकियोला फ्रान्सिस्कन साधूंनी मठात वाढवले. तेथे तो स्पॅनिश लिहायला-वाचायला शिकला. नावही स्पॅनिश मिळाले, एन्रिके. एन्रिकियो म्हणजे छोटा एन्रिके. आपण गणपतला गणू म्हणतो ना, तसे!

मोठेपणी त्याचे मेन्सियाशी लग्न झाले. कासिक असूनही त्याला आपल्या माणसांसह वालेन्झुएला नावाच्या जमीनदाराकडे राबावे लागे. म्हाताऱ्या मालकानंतर त्याचा मुलगा आंद्रेस मालक झाला. त्याने एन्रिकियोची घोडी बळकावली आणि मेन्सियाच्या अब्रूवर हात टाकला. तरीही एन्रिकियोने शस्त्र उचलले नाही. तो न्याय मागायला गेला. गावच्या अधिकाऱ्याने उलट त्यालाच कैदेत टाकले. सुटल्यावर तो दूरच्या सांतो दोमिंगो शहरी वरिष्ठ न्यायालयात गेला. तेथे त्याच्या हाती एक पत्र देऊन त्याला पुन्हा त्याच अधिकाऱ्याकडे पाठवण्यात आले!

दाद मागायला आता दार उरले नव्हते. १५१९ साली तो आपली माणसे घेऊन बाओरुकोच्या डोंगरात निघून गेला. आंद्रेस शिपाई घेऊन मागे आला, तेव्हा एन्रिकियोने त्याला हरवले, पण जिवंत सोडून दिले.

त्याची लढाई म्हणजे गनिमी कावाच. कड्याकपारींची त्याला खडान्‌खडा माहिती. शेती एकाच जागी न करता दूरदूर विखुरलेली. कोंबडा आरवला तर शत्रूला ठावठिकाणा कळेल, म्हणून कोंबड्यांच्या जिभा कापलेल्या! एकदा सत्तरएक स्पॅनिश शिपाई गुहेत सापडले. त्याने त्यांची शस्त्रे घेतली आणि त्यांना जाऊ दिले. लास कासास ह्या स्पॅनिश धर्मगुरूने ही हकीकत लिहून ठेवली आहे.

चौदा वर्षे फौजांवर फौजा आल्या, पण डोंगर हाती लागला नाही. अखेर १५३३ साली पाचव्या चार्ल्स राजाने सेनापती बारिओनुएव्होबरोबर तहाचे पत्र पाठवले. त्यात छोट्या एन्रिकेला ‘दॉन एन्रिके’ असे संबोधले होते. ‘दॉन’ म्हणजे जवळजवळ आपले ‘राव’. गणूचा गणपतराव झाला! त्याला आणि त्याच्या माणसांना स्वातंत्र्य मिळाले.

तहात एक कडू अटही होती. पळून जाणाऱ्या आफ्रिकी गुलामांना पकडून द्यायचे. असे काही गुलाम त्याच्याच डोंगरात आसऱ्याला आले होते. आपली माणसे वाचवताना त्याने ही अट मान्य केली. त्याचा पराक्रम सांगताना हेही सांगायला हवे.

१५३५ साली एन्रिकियो वारला. बाओरुकोच्या पायथ्याजवळच्या मोठ्या खाऱ्या सरोवराला आज त्याचे नाव आहे. ते समुद्रसपाटीपेक्षाही खाली आहे. आईबाबांबरोबर बसून नकाशात शोधा पाहू!