खिशातले चॉकलेट

बँकेत असताना नोकरीचे अर्ज माझ्या टेबलावर येत, तेव्हा माझी नजर आधी शिक्षणाच्या रकान्याकडे जाई. पर्सी स्पेन्सर नावाच्या माणसाचा अर्ज आला असता, तर मी तो बहुधा बाजूलाच ठेवला असता.

अमेरिकेतल्या मेन राज्यात, हाउलंड गावी १८९४ साली पर्सी जन्मला. तो दीड वर्षाचा असताना वडील गेले. आईने त्याला नातेवाइकांकडे सोपवले. बाराव्या वर्षी शाळा सोडून हे पोर रिळांच्या कारखान्यात कामाला लागले. पुढे नौदलात बिनतारी यंत्रांचे काम करताना, रात्रीच्या पहाऱ्यावर पुस्तके वाचून त्याने गणित आणि भौतिकशास्त्र स्वतःच शिकून घेतले.

दुसऱ्या महायुद्धात स्पेन्सर रेथिऑन कंपनीत होते. रडारसाठी लागणाऱ्या मॅग्नेट्रॉन नळ्या तिथे दिवसाला जेमतेम १७ तयार होत. त्यांनी काढलेल्या नव्या पद्धतीमुळे हा आकडा २,६०० वर गेला.

१९४५ साली एकदा चालू मॅग्नेट्रॉनपाशी उभे असताना त्यांच्या खिशातले चॉकलेट वितळले. नळीजवळची ऊब इतरांनाही जाणवली होती, पण कारणाच्या मागे लागले ते स्पेन्सर. त्यांनी मक्याचे दाणे आणून जवळ ठेवले, तर त्यांच्या लाह्या झाल्या. मग अंडे ठेवले. ते फुटून एका सहकाऱ्याच्या तोंडावर उडाले!

यामागचे गुपित पाण्यात आहे. पाण्याच्या रेणूचे एक टोक धन, दुसरे ऋण. घरच्या मायक्रोवेव्हमधल्या लहरी सेकंदाला सुमारे ४९० कोटी वेळा दिशा पालटतात. त्यांच्यामागे वळता वळता हे रेणू शेजाऱ्यांवर आदळतात आणि उष्णता निर्माण होते. लहरी पदार्थात दोन-तीन सेंटिमीटरच शिरतात. पुढची ऊब हळूहळू आत झिरपते. म्हणून तर कडेचा भात चटका देतो आणि मधला गार राहतो.

१९४७ साली बाजारात आलेली पहिली भट्टी माणसाएवढी उंच आणि सुमारे ३४० किलो वजनाची होती. ओट्यावर मावणारी घरगुती भट्टी आली १९६७ साली. ती पाहून, १९७० मध्ये स्पेन्सर गेले.

आज सूनबाई कालची आमटी दोन मिनिटांत वाफाळती करून देते, तेव्हा मला ते जुने अर्ज आठवतात. कुतूहलासाठी त्यांत रकानाच नव्हता. किती पर्सी मी परत पाठवले असतील, कोण जाणे!