पंडिता रमाबाई व भुकेल्यांची सेवा

परमेश्वराच्या कृपेने आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवाचा मंगल दिवस आपण पाहत आहोत. अशा प्रसंगी देवळाच्या बांधणीचा, पूर्वीच्या धर्मगुरूंचा व उपकारकर्त्यांचा वृत्तांत वाचकांस हवाच असतो. आम्ही मात्र ह्या पानांत एका अशा स्त्रीचे चरित्र सांगण्याचे योजिले आहे, की जी आमच्या कॅथोलिक मंडळीतील नव्हती. तथापि महाराष्ट्रात प्रभूच्या नावाने भुकेल्यांस जेवू घालण्याचे कार्य ज्यांनी केले, त्यांत तिचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. ती स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई होत.

उमापूर व आसपासच्या गावांतील लोकांस दुष्काळ म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. गेवराई तालुक्यास गोदावरीचा काठ लाभला आहे खरा. परंतु पाऊस रुसला म्हणजे नदीकाठच्या विहिरीही कोरड्या पडतात. सन १९७२ च्या दुष्काळातील खडी फोडण्याची कामे, सुकडी व तांबडी मिलो ज्यांनी पाहिली, अशी वडील माणसे अजून आपल्यांत आहेत. म्हणून हे चरित्र आपणांस परके वाटणार नाही, अशी आमची खात्री आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथील अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान चित्पावन ब्राह्मण. स्त्रियांस संस्कृत शिकविणे त्या काळी निंद्य मानीत. तरीही शास्त्रीबुवांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई ह्यांस शिकविले, व त्या माउलीने आपल्या मुलीस. शास्त्रीबुवांचे द्रव्य दानधर्मात व तीर्थयात्रांत संपून गेले. पुढे हे कुटुंब पुराणे सांगत गावोगाव फिरू लागले व श्रोते जे देतील त्यावर निर्वाह करू लागले.

अशा स्थितीत दक्षिणेत दुष्काळ पडला. लोकांसच खावयास नाही, तेथे पुराणिकास कोण देणार? जवळचे दागिने गेले, तांब्यापितळेची भांडी गेली, शेवटचे नाणेही गेले. अकरा दिवस व अकरा रात्री त्या कुटुंबाने पाणी, झाडाचा पाला व मूठभर रानखजूर ह्यांवर काढल्या. येथे एक गोष्ट वाचकांनी ध्यानात धरावी. ही माणसे आळशी नव्हती, अडाणीही नव्हती. सहस्रावधी श्लोक त्यांस मुखोद्गत होते. परंतु चार पैसे मिळवून देईल असे कोणतेही काम त्यांच्या हातांस येत नव्हते. मोलमजुरी करणे कुलास कमीपणा आणणारे वाटे, आणि भीक मागण्यास जीभ रेटत नसे. विद्या होती, पण भाकरी मिळविण्याची कला नव्हती. शेवटी थोरल्या भावाने, श्रीनिवासाने, कुलाभिमान बाजूस ठेवून मजुरी करण्याचा निश्चय केला.

सन १८७४ मध्ये वडील निवर्तले. थोड्याच आठवड्यांनी रायचूर येथे आईने अंथरूण धरले. त्या आसन्नमरण माउलीस काहीतरी खावेसे वाटे. तेव्हा सोळा वर्षांची रमा शेजारच्या एका घरी बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागण्यास गेली. घरधनीण मायेने बोलली; परंतु रमेच्या तोंडून शब्द फुटेना, डोळ्यांस मात्र धारा लागल्या. काय हवे ते बाईने आपण होऊन विचारले, तेव्हा कुठे ती कशीबशी बोलली, आणि तुकडा मिळताच आभाराचा एक शब्दही न उच्चारता आईकडे धावली. पण आईस तो खाण्याची शक्ती उरली नव्हती. ती मेल्यावर प्रेत उचलण्यास चौथा खांदा मिळेना. म्हणून रमेने तो दिला. तिची उंची कमी, ह्यास्तव तिने तो भार डोक्यावर घेतला. पुढे थोरली बहीणही गेली. उरली दोघे भावंडे, व ती पायी सारा हिंदुस्थान फिरली.

सन १८७८ मध्ये कलकत्त्यास पंडितांनी ह्या तरुणीची परीक्षा घेऊन तिला पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. त्यानंतरचा इतिहास बहुतेकांस ठाऊक आहे. १८८० त भाऊ वारला. बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी त्यांचा विवाह झाला. १८८१ त कन्या मनोरमा जन्मली. १८८२ त पटकीने पती गेला. पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला. १८८३ त त्या इंग्लंडास गेल्या, व तेथे वाँटेज येथे अँग्लिकन भगिनींच्या मठात राहत असता त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे अमेरिकेस जाऊन हिंदी विधवांच्या स्थितीवर त्यांनी पुस्तक लिहिले, व तेथील सज्जनांच्या साहाय्याने ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उघडले. दुसऱ्या वर्षी ते पुण्यास नेले. १८९३ त धर्मांतराच्या प्रश्नावरून मोठे वादळ उठले. हिंदू सल्लागारांनी अंग काढून घेतले व कित्येक मुलींस पालकांनी परत नेले. तो वाद येथे उगाळण्याचे प्रयोजन नाही. त्या दुःखानंतरही बाईंनी काम सोडले नाही, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

अमेरिकेतील मंडळींनी दहा वर्षेच साहाय्य देण्याचे वचन दिले होते. ती मुदत संपल्यावर संस्थेने आपल्या पायावर उभे राहावे, म्हणून बाईंनी केडगाव येथे सुमारे १०० एकर जमीन घेऊन फळझाडे लावली. हे केडगाव नगरजवळचे नव्हे, तर पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या आगगाडीच्या मार्गावरचे होय. ही जमीन पुढे कोणत्या कामी येणार आहे, ह्याची तेव्हा कोणास कल्पना नव्हती.

१८९६–९७ साली मध्यप्रांतात भयंकर दुष्काळ पडला. वर्तमानपत्रांतून त्याची वर्णने वाचताना बाईंपुढे आपले आईबाप उभे राहिले. त्या स्वतः तिकडे गेल्या. सरकारी अन्नछत्रे व दुष्काळी कामे त्यांनी पाहिली, आणि तेथे तरुण विधवा व अनाथ मुलींची सर्वांहून अधिक दुर्दशा होते हेही पाहिले; कारण भुकेल्या मुलीस घास दाखवून फसविणारी नीच माणसे तेथे घिरट्या घालीत होती. बाईंनी शेकडो जणींस आपल्याबरोबर आणिले. त्याच सुमारास पुण्यास प्लेग सुरू झाल्यामुळे इतक्या माणसांस शहरात ठेवणे अशक्य झाले. तेव्हा केडगावचे शेत हेच त्यांचे आश्रयस्थान झाले. आधी तंबू व गवती झोपड्या, मग १८९८ त पक्की इमारत, असे मुक्तिसदन उभे राहिले.

पाठोपाठ १८९९–१९०० चा दुष्काळ आला. गुजरातेत त्यास छप्पनियो म्हणतात. आपल्या ह्या भागावर तेव्हा निजामाचा अंमल होता, व बीडकडील लोकांनीही तो काळ सोसला. मध्यप्रांतातून आलेल्या मुलींपैकीच काही आता सेविका होऊन गुजरातेत गेल्या व आपल्यासारख्याच अभागिनींस शोधून घेऊन आल्या. कालच्या भुकेलीने आजच्या भुकेलीस हात दिला! मुक्तिसदनातील माणसांची संख्या सुमारे दोन हजारांवर पोहोचली. आलेल्या साऱ्याच वाचल्या असे नाही. उपासाने पोखरलेल्या कित्येक देहांस अन्नही पचेना.

आता जिवंत राहिलेल्यांचे काय करावे? येथेच बाईंची थोरवी दिसून येते. केवळ धान्य वाटून त्या थांबल्या नाहीत. मुक्तिसदनात हातमाग बसले, तेलाचे घाणे फिरू लागले, गाईम्हशींचे दूध निघू लागले. कोणी शेतात खपे, कोणी शिवण शिके, कोणी कपडे धुई, कोणी भांड्यांस कल्हई करी. छापखान्यात खिळे जुळविण्यापासून पुस्तक बांधण्यापर्यंतची कामे स्त्रियाच करीत. मनोरमाबाईंनी आंधळ्या मुलींस बोटांनी वाचावयास शिकविले, व त्या वेताचे विणकामही करू लागल्या. प्रत्येकीस अक्षर यावे व प्रत्येकीच्या हातास काम यावे, असा तेथील क्रम होता. अक्षर असूनही कामावाचून आपले घर कसे बुडाले, हे ज्या मुलीने पाहिले होते, तिनेच हा क्रम घातला हे विसरू नये.

उत्तरायुष्यात बाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांवरून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले. १९१९ त सरकारने त्यांस कैसर-इ-हिंद पदक दिले. १९२१ च्या जुलैत एकुलती एक कन्या मनोरमा त्यांच्या आधी गेली, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनीही देह ठेविला. केडगावचे कार्य मात्र आजतागायत चालू आहे.

वाचकहो, ह्या चरित्रातून आपल्या धर्मग्रामाने काय घ्यावे? एक तर आपण पाहिलेच: आजचा शिधा आज हवाच, पण त्यासोबत उद्याचे काम हवे. दुसरी गोष्ट रायचूरच्या त्या दारापाशी आहे. तेथे उभ्या असलेल्या मुलीस मागता आले नाही. घरधनिणीने विचारले म्हणून भाकरी मिळाली, आणि मिळाली तीही उशिरा. आमचाही अनुभव असाच आहे. धर्मगुरूच्या दाराशी आलेला अडलेला माणूस धान्य मागत नाही. तो पावसाचे बोलतो, मुलाच्या शाळेचे विचारतो, आणि टोपी सावरून उठून जातो. तो गेल्यावर आम्हांस उमगते, की हा दुसऱ्याच कामासाठी आला होता. दसऱ्यादिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातील घरेच्या घरे ऊसतोडीस जातात. मागे राहतात म्हातारी माणसे व लहान लेकरे. त्यांच्या चुलीवर काय शिजले, हे कोण विचारतो? उचल घेऊन गेलेला बाप ती न फिटता आजारी पडून परतला, तर ते घर पुढचे चार महिने कसे चालते, ह्याचा शोध कोण घेतो?

ज्या २३ एप्रिलास रमाबाई जन्मल्या, त्याच तारखेस पंचवीस वर्षे आधी, सन १८३३ मध्ये, पॅरिस येथे फ्रेडरिक ओझानाम ह्या तरुण विद्यार्थ्याने व त्याच्या मित्रांनी मिळून एक मंडळी स्थापिली. तीच आज जगभर संत विन्सेंट दे पॉल मंडळी म्हणून ओळखली जाते. गरिबास आपल्या दारी बोलावू नये, आपण त्याच्या घरी जावे, हा तिचा मुख्य नियम. त्या दोघांची भेट कधी झाली नाही. परंतु प्रभूने दोघांसही एकच वाट दाखविली.

महोत्सवाच्या दिवशी आपल्या घरी गोडधोड शिजेल. त्या दिवशी प्रत्येक कुटुंबाने आपल्या गल्लीतील एका घरी, जातपात व पंथ न पाहता, आपण होऊन जावे. भरले ताट न्यावे, आणि घटकाभर बसून त्या घरातील मुलास वा मुलीस कोणते काम शिकता येईल ह्याचा विचार करून यावे. अंतिम न्यायाच्या दिवशी, मी भुकेला होतो तेव्हा तुम्ही काय केले, असे प्रभू आपणांस विचारणार आहे. कोणी मागितलेच नाही, हे उत्तर तेथे चालणार नाही. तो दयाळू पिता आपल्या धर्मग्रामास विचारणारी जीभ व देणारे हात देवो, हीच आमची प्रार्थना.